'मिनरल' मेकअपची डबी उलटी करून वाचा: नाजूक त्वचेसाठी घटकांची ओळख

गेल्या मे महिन्यात भाचीचा साखरपुडा होता, दादरच्या एका हॉलमध्ये. एसी होता, पण माणसं इतकी की तो असून नसल्यासारखा. ओटी भरून झाली, फोटो सुरू झाले आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, गालांवर मुंग्या चावल्यासारखं होतंय गं." तिला आतल्या खोलीत नेलं. गालांचे उंचवटे आणि नाकाच्या कडा लालभडक झाल्या होत्या. घाम साठतो नेमक्या त्याच जागा. साध्या पाण्याने चेहरा धुतला, ओला पंचा ठेवला, अर्ध्या तासात आग ओसरली. "पण हे मिनरल आहे, आत्या," ती सारखी म्हणत होती. "मला काहीही लावलं की पुरळ येतं, म्हणून तर मुद्दाम मिनरल घेतलं."

तिच्या पर्समधला खोका खिडकीशी नेला, मागच्या बारीक अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून वाचला. पहिलं नाव 'मायका', म्हणजे अभ्रक. दुसरं 'बिस्मथ ऑक्सिक्लोराइड'. अगदी शेवटच्या ओळीत 'परफ्यूम'. पुढच्या बाजूला हिरवं पान होतं आणि 'शुद्ध खनिजं' असं छापलेलं. तिने तेवढंच वाचलं होतं.

परळला माझं पार्लर आहे. नवरीचे मेकअप करते, आणि माझी स्वतःची त्वचाही अशीच हळवी आहे, त्यामुळे डबी उलटी करून वाचल्याशिवाय मी ती कुणाच्या चेहऱ्याजवळ नेत नाही. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचं काही सांगणार नाही. पण यादी कशी वाचायची, कुठल्या नावाशी थांबायचं आणि घरी आणल्यावर कशी पारख करायची, हे पायरीपायरीने सांगते.

आधी 'मिनरल' या शब्दाची भूल उतरवा

पुढच्या बाजूला 'मिनरल' लिहायला किती टक्के खनिज हवं, असं मोजमाप ठरलेलं नाही. चिमूटभर अभ्रक घातलेलं क्रीमही स्वतःला मिनरल म्हणवतं. 'नॅचरल' आणि 'हायपोअलर्जेनिक' या शब्दांचंही तसंच.

शिवाय खनिज म्हणजे निरुपद्रवी, असं कुठे आहे? मारुतीला लावतात तो शेंदूर पारंपरिक पद्धतीने शिशापासून बनतो. तोही खनिज रंगच आहे, आणि तो चेहऱ्याला अजिबात लावू नये. उलट प्रयोगशाळेत बनवलेलं काही खनिज जमिनीतून खणून काढलेल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. लोखंडाच्या रंगांकडे आलो की हे नीट सांगते.

आणखी एक गल्लत पार्लरमध्ये रोज ऐकते. 'मिनरल ऑइल' आणि मिनरल मेकअप यांचा काही संबंध नाही. मिनरल ऑइल हे खनिज तेलापासून शुद्ध केलेलं तेल. ते कुणाला आवडतं, कुणाला नाही, पण त्याची ॲलर्जी फार क्वचित होते.

तुमची त्वचा नेमकी कशाने चिडते, ते लिहून ठेवा

डबी विकत घेण्याआधीची ही पायरी बहुतेक जणी गाळतात. तक्रारी दोन जातींच्या असतात. लावल्यावर पाच-दहा मिनिटांत चुरचुर, आग, मुंग्या आणि धुतल्यावर आराम, ही झाली चिडचिड. ती कुणालाही होऊ शकते. प्रमाण, घाम आणि घासणं यांवर ती अवलंबून असते. दुसरी जात म्हणजे ॲलर्जी. लावलं त्या दिवशी काहीच नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, बारीक पुरळ, पापण्यांना सूज. ती धुतल्याने जात नाही, आणि तोच घटक कणभर पुन्हा लागला तरी परत येते.

एका वहीत तारीख, काय लावलं, किती वेळाने त्रास झाला, कुठे झाला, एवढं दोन आठवडे लिहा. मेकअपशिवाय जे जे लागतं तेही लिहा. पापण्या सुजल्या की सगळ्या जणी आयशॅडोला दोष देतात, आणि पुष्कळदा कारण नेलपॉलिश निघतं, कारण हात दिवसभर डोळ्यांना लागत असतात. कपाळाच्या मध्यावर खाज असेल तर टिकलीचा गोंद तपासा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या राळेने आधी खाज आणि मग पांढरा डाग पडतो. तसे डाग मी दोन-तीन मावश्यांच्या कपाळावर पाहिले आहेत. कानामागे आणि केसांच्या रेषेवर त्रास असेल तर केसांचा रंग. हे आधी बाजूला केलं नाही, तर चांगल्या पावडरवर उगाच ठपका बसतो.

आणि त्वचा आत्ता लाल, सोललेली किंवा इसब उठलेली असेल, तर नवीन काहीही सुरू करू नका. साल निघालेल्या त्वचेला पाणीसुद्धा झोंबतं. ती आधी बरी होऊ द्या.

डबीच्या मागे काय पाहायचं

दुकानातच खोका उलटा करा. अक्षर इतकं बारीक असतं की चष्मा असूनही दिसत नाही, म्हणून मोबाइलचा कॅमेरा. काही लहान डब्यांवर यादीच सापडत नाही. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. तिथेही नसेल तर डबी परत जागेवर ठेवा. नाजूक त्वचेला यादीशिवायची वस्तू नको.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे सगळ्यात जास्त ते सगळ्यात वर. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. त्यामुळे पहिली चार-पाच नावं म्हणजेच ती पावडर. सुगंध मात्र शेवटी असला म्हणून सोडून द्यायचा नाही, कारण ॲलर्जीला कणभर पुरतो.

यादीच्या शेवटी अधिक-उणे अशी खूण किंवा 'मे कंटेन' असे शब्द आणि त्यापुढे आकडे दिसतील. सगळ्या शेड्ससाठी एकच खोका छापतात, म्हणून जे रंग असू शकतात ते सगळे तिथे एकत्र लिहिलेले असतात. तुमच्या शेडमध्ये ते सगळे असतीलच असं नाही. पण तुम्हाला वर्ज्य असलेला रंग तिथे दिसला, तर तो आहे असंच धरून चाला.

बाकी बॅच नंबर, कुठपर्यंत वापरायचं ती तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक पाहा. परदेशी वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. लोकलच्या लेडीज डब्यात पिना, क्लिपा, रुमाल मीही घेते. चेहऱ्याला लावायचं काही घेत नाही, कारण टोपलीतल्या डबीवर यातलं काहीच नसतं.

७७ ने सुरू होणारे आकडे

रंगांची नावं लांबलचक असतात, पण प्रत्येकाला पाच अंकी आकडा असतो आणि त्याआधी 'सीआय' लिहितात, म्हणजे कलर इंडेक्स. एवढं लक्षात ठेवा: ७७ ने सुरू होणारा आकडा खनिज किंवा धातूच्या संयुगाचा रंग. ७५ ने सुरू होणारा वनस्पती किंवा प्राण्यापासून काढलेला. १, २, ४ यांसारख्या आकड्यांनी सुरू होणारे बहुतेक कारखान्यात बनवलेले सेंद्रिय रंग. उदाहरणार्थ १९१४० म्हणजे खाण्याच्या पिवळ्या रंगातला टार्ट्राझिन, किंवा १५८५० हा लिपस्टिक-ब्लशमधला लाल.

म्हणजे खोक्यावर 'शंभर टक्के मिनरल' आणि मागे १५८५०, असं दिसलं तर पुढचा दावा खरा नाही, हे तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या कळतं.

७५४७० हा आकडा वेगळा सांगते. तो कारमाइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल-गुलाबी रंग. ब्लशमध्ये तो सर्रास असतो. काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि शाकाहारी घरांतल्या मुली हे कळल्यावर चपापतात. त्यांना आधी कळायला हवं असं मला वाटतं, म्हणून मी विचारण्याआधीच सांगते.

पण ७७ दिसलं की डोळे मिटून घ्यायचं, असंही नाही. बिस्मथचा आकडाही ७७ नेच सुरू होतो. म्हणून आता एकेक घटक.

यादीतली नावं आणि आपल्या घरातली त्यांची भावंडं

टायटेनियम डायऑक्साइड, ७७८९१. पांढरं, आणि झाकण्याची ताकद सगळ्यात जास्त, कारण ते प्रकाश जबरदस्त परतवतं. त्वचेला ते फारसं छेडत नाही. सावळ्या चेहऱ्यावर राखाडी पुटं चढतात, ती बहुतेक याच्या अतिरेकाने.

झिंक ऑक्साइड, ७७९४७. हे आपल्या ओळखीचं. लहानपणी घामोळ्यावर गुलाबी कॅलामाइन लावायचो, त्यात मुख्य हेच, आणि तो गुलाबी रंग येतो थोड्याशा आयर्न ऑक्साइडने. बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरच्या मलमात हेच. आयुर्वेदातलं यशदभस्म म्हणजे जस्ताचं भस्म, तेही याच कुळातलं. लालसर, चिडक्या त्वचेला मी पहिली पसंती याला देते. मात्र ते कोरडं करतं. ज्यांची त्वचा हिवाळ्यात खपल्या धरते त्यांनी खाली मॉइश्चरायझर नीट लावावं.

आयर्न ऑक्साइड, तीन आकडे: ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. फाउंडेशनच्या बहुतेक शेड्स मुख्यतः या तिघांच्या मिश्रणाने होतात. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू म्हणजे लाल लोहाची माती, पिवडी म्हणजे पिवळ्याची. त्वचेशी हे रंग सहसा भांडत नाहीत. पण इथेच एक धोका आहे. हे वाचून कुणी किराण्याच्या दुकानातला गेरू कालवून चेहऱ्याला लावू नका. जमिनीतल्या मातीत शिसं, आर्सेनिक असं काहीही मिसळलेलं असू शकतं. म्हणूनच सौंदर्यप्रसाधनांत वापरायचे आयर्न ऑक्साइड बहुतेक कारखान्यात बनवतात. आपल्या नियमांत रंगामध्ये शिसं दर दहा लाख भागांमागे २० भागांच्या आणि आर्सेनिक २ भागांच्या वर असायला बंदी आहे. गेरूच्या पुडीला ही अट कोण लावणार?

या तिघांचा आणखी एक मोठा गुण. वांग असलेल्या बायकांना नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात, आणि हा दिसणारा उजेड आयर्न ऑक्साइड अडवतो. म्हणून त्वचेचे डॉक्टर वांगाला रंगीत सनस्क्रीन सुचवतात.

मायका, ७७०१९. म्हणजे अभ्रक, रंगपंचमीच्या गुलालात चमकतं ते. पापुद्र्यासारखे चपटे कण असतात, म्हणून पावडर त्वचेवर सरकते आणि मंद चमकते. रासायनिकदृष्ट्या अगदी थंड पदार्थ. त्रास झाला तर तो कणांच्या कडांचा: भरड मायका कडक ब्रशने घासला की लालसर ओरखडे उठतात. 'सेरिसाइट' लिहिलं असेल तर तो बारीक, मऊ प्रकार.

अभ्रकाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात आणि शेजारच्या बिहारमध्ये मुलं अभ्रक वेचतात. शाळेच्या वयाची मुलं, ढासळणाऱ्या खड्ड्यांत. २०१७ मध्ये कंपन्यांनी आणि संस्थांनी मिळून याविरुद्ध रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह सुरू केला. तुमचा ब्रँड अभ्रक कुठून घेतो ते त्यांना मेलवर विचारा. 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' असं अवघड नाव दिसलं तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक. त्याचे कण एकसारखे असतात, त्यामुळे नाजूक त्वचेलाही ते बरं.

आता भाचीचा गुन्हेगार. बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, ७७१६३. बिस्मथ हा धातू मुख्यतः शिसं आणि तांबं शुद्ध करताना बाजूला निघतो. त्यापासून ही मोत्यासारख्या झळाळीची भुकटी बनवतात. निसर्गात हे खनिज दुर्मीळ, मेकअपमधलं बनवलेलंच. ते वापरतात कारण हाताला रेशमी लागतं, त्वचेला चिकटून राहतं आणि ओलसर तजेला देतं. पुण्याच्या डिसेंबरात पुष्कळ जणींना ते छान बसतं. मुंबईच्या मेमध्ये, पारा ३३-३४ वर आणि हवा घामट, तेव्हा बिस्मथवाल्या पावडरीखाली खाज सुटल्याची तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकली आहे की नवरीच्या पेटीत ते ठेवतच नाही. सगळ्यांना होतं असं नाही. पण यादीत पहिल्या तिघांत बिस्मथ असेल आणि तुमची त्वचा हळवी असेल, तर ती डबी घेऊ नका. यादी हाताशी नसेल तर पावडर तळहातावर घ्या: बाकीच्या पावडरींपेक्षा जड, लोण्यासारखी सरकणारी आणि मोतिया झाक मारणारी असेल तर संशय धरा.

टाल्क, ७७७१८. आपलं शंखजिरे. कॉम्पॅक्टमध्ये सर्वांत स्वस्त भरताड. त्वचेला सहसा झोंबत नाही. चिंता वेगळी आहे. टाल्कच्या खाणींच्या आसपास ॲस्बेस्टॉस सापडतं, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'माणसांत कर्करोग करण्याची शक्यता बरीच' या गटात टाकलं. तोंडाजवळ उडणाऱ्या सुट्या पावडरीत मला ते नको असतं. पर्याय मिळतात, मग कशाला?

चिनी माती म्हणजे केओलिन आणि सिलिका, दोन्ही तेल शोषतात. तेलकट चेहऱ्याला चांगलं, कोरड्या चेहऱ्यावर दुपारपर्यंत ताणल्यासारखं होतं. बोरॉन नायट्राइड सरकण्यासाठी, मॅग्नेशियम स्टिअरेट किंवा झिंक स्टिअरेट चिकटण्यासाठी, लॉरॉइल लायसिन मऊपणासाठी. यांच्यावर फार वेळ घालवू नका.

हिरवा रंग मात्र पाहा. लाली झाकायच्या हिरव्या पावडरीत ७७२८८ किंवा ७७२८९ असू शकतो. ती क्रोमियमची संयुगं. खोट्या दागिन्यांनी कान-गळा खाजतो अशांना निकेलची ॲलर्जी असते, आणि काहींना सोबत क्रोमियम-कोबाल्टचीही. अशांनी हिरवा कन्सीलर टाळून पिवळसर झिंकची पावडर वापरावी. लाली तिनेही दबते. निळ्या झाकेसाठी अल्ट्रामरीन, ७७००७. कपड्यांना घालायच्या नीळीत पूर्वापार हाच रंग. तो सहसा त्रास देत नाही.

खनिज नसलेले पाहुणे

खरं तर नाजूक त्वचेला छळणारे घटक बहुतेक इथेच असतात. परफ्यूम, फ्रॅग्रन्स, लॅव्हेंडरचं किंवा टी ट्रीचं तेल, लिनालूल, लिमोनीन. नैसर्गिक तेल आहे म्हणून ते चालेल, हा समज सोडा. सुगंधी तेलांचीही ॲलर्जी होते. 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही एवढंच. मूळ वास झाकायला त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं घ्या, आणि तरीही यादी वाचा.

टिकवण्यासाठी घालतात त्यांत मेथिलआयसोथायाझोलिनोन आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारी नावं, म्हणजे डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया. ही दिसली की डबी परत. फिनॉक्सिइथॅनॉल आणि पॅराबेन यांची ॲलर्जी त्या मानाने पुष्कळ कमी जणांना होते. पॅराबेनला लोक घाबरतात, आणि त्याच्या जागी आलेल्या मेथिलआयसोथायाझोलिनोनची ॲलर्जी मात्र कितीतरी जास्त दिसली आहे. म्हणून 'पॅराबेन फ्री' वाचून निश्चिंत होऊ नका.

सुटी, दाबलेली की पातळ

सुट्या पावडरीत पाणी नसतं, त्यामुळे तिला टिकवायला फारसं काही घालावं लागत नाही आणि यादी पाच-सात नावांत संपू शकते. कॉम्पॅक्टमध्ये भुकटी बांधायला तेल किंवा सिलिकॉन लागतं, थोडी नावं वाढतात. पातळ 'मिनरल' फाउंडेशन म्हणजे पाणी आलं, पाणी आलं की जंतू रोखणारे पदार्थ आले. खूप हळवी त्वचा असेल तर सुट्या पावडरीपासून सुरुवात करा. दमा असेल तर मात्र सुटी नको, दाबलेली घ्या.

घरी आणल्यावर पंधरा दिवस धीर

कोपराच्या आतल्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर पावडर लावा. सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी, सात दिवस. एक दिवस लावून काही झालं नाही म्हणून चेहऱ्यावर जाऊ नका. ॲलर्जी उशिरा उठते. सात दिवस कोरडे गेले की कानाखाली जबड्याच्या कडेला तीन दिवस. मग एका गालावर.

आणि मग माझी मुंबईतली शेवटची परीक्षा: पावडर लावून दुपारी बारा वाजता बाजारात भाजी आणायला जा. येताना जिना चढा. घामात भिजल्यावर गाल काय म्हणतात ते पाहा. एसीमध्ये सुखरूप बसलेली पावडर घामात वेगळी वागते, आणि लग्न, वारी, प्रवास सगळं घामातच होतं. भाचीने ही पायरी गाळली होती. नंतर तीच पावडर तिच्या आणि माझ्या हातावर लावून आम्ही दोघी गच्चीवर अर्धा तास बसलो. माझ्या हाताला काही नाही, तिचा पंधराव्या मिनिटाला चुरचुरायला लागला. म्हणून मैत्रिणीला चाललं या भरवशावर घेऊ नका.

शेड पाहायची ती दिवसाउजेडी, जबड्यावर, आणि लगेच नाही तर तीन तासांनी. चेहऱ्याच्या तेलात भिजली की पावडर गडद दिसते, ओली माती दिसते तशी. म्हणून अर्धी शेड उजळ घ्या, पण राखाडी झाक येईल इतकी उजळ नको.

लावताना आणि काढताना

पंखा बंद करा. खरंच. सुटी पावडर पंख्याखाली उघडली की निम्मी नाकात जाते. झाकणात चिमूटभर काढा, ब्रश त्यात फिरवा, झाकणाच्या काठावर झटका, श्वास रोखून हलक्या हाताने थापा. गोल गोल घासू नका. पुष्कळ जणींची 'ॲलर्जी' ब्रश बदलल्यावर आणि घासणं थांबवल्यावर गेलेली मी पाहिली आहे. मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा, मग सनस्क्रीन, ते बसलं की पावडर. पावडरवर एसपीएफ लिहिलं असलं तरी सनस्क्रीन वेगळं लावायचंच. एसपीएफ मोजतात तो प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या थराने, आणि तेवढी पावडर कुणीही चेहऱ्यावर थापत नाही.

पावसाळ्यात डबी बाथरूममध्ये ठेवू नका आणि ओला स्पंज तिच्यात बुडवू नका. पाणी शिरलं की सुट्या पावडरीचा सगळ्यात मोठा फायदा गेला. ब्रश आठवड्यातून एकदा बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवायचा, आणि जुलैत तो दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन ब्रश ठेवा. रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने, बोटांनी धुवा, टॉवेलने टिपा. रगडून पुसायच्या ओल्या वाइप्समध्ये सुगंध आणि टिकवणारे पदार्थ असतात. ते दिवसभराची मेहनत घालवतात.

त्वचेच्या डॉक्टरांकडे केव्हा

पापण्या सुजल्या, पाणी सुटलं, पुरळ चेहऱ्यावरून मानेकडे सरकलं, किंवा सगळं बंद करूनही दोन आठवड्यांत उतरलं नाही, तर घरगुती प्रयोग थांबवा. ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला तर त्याच क्षणी हॉस्पिटल. केईएम, सायन, नायर यांसारख्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते.

डॉक्टरांना पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर छोट्या चकत्यांत वेगवेगळे संशयित पदार्थ चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. मुंबईच्या घामात चिकटपट्ट्या सुटतात, म्हणून जमलं तर ही चाचणी डिसेंबर-जानेवारीत करून घ्या. जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या, रिकामे खोकेसुद्धा. डॉक्टरांना यादी हवी असते, ब्रँडचं नाव नव्हे. आणि ही चाचणी ॲलर्जी पकडते, चिडचिड पकडत नाही. तिच्यासाठी भाजीबाजाराचीच परीक्षा.

भाचीच्या पाठीवर सुगंधाच्या मिश्रणाचा ठिपका लाल उठला, म्हणजे घामातल्या चुरचुरीशिवाय तिला सुगंधाची ॲलर्जीही होती. त्या कागदाचा फोटो आता तिच्या मोबाइलमध्ये आहे. लग्नात मी तिला जी पावडर लावली तिच्या यादीत सहा नावं होती: झिंक ऑक्साइड, सिंथेटिक अभ्रक, बोरॉन नायट्राइड आणि लोखंडाचे तीन रंग. सप्तपदी झाली, पंगत उठली, रात्री पाठवणीच्या वेळी रडून रडून चेहरा ओला झाला. मी तिच्या गालांवरून बोट फिरवून पाहिलं, तर ते थंड होते.